विहीर उपसलेली असते तेव्हा

ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं, तिन्ही एका दमात. भडगावला यातल्या दोन गोष्टींची ददात नाही. सायकलला पाचोऱ्याचा रस्ता आहे, कजगावचा आहे. धावायला केळीच्या बागांमधल्या शिवाररस्त्यांना तोटा नाही. अडतं ते पोहण्याशी. धरणातून आवर्तन सुटलं की गिरणेला पाणी येतं खरं, पण वाळू उपसून पडलेले खड्डे वरून दिसत नाहीत. म्हणून मी नदीच्या नादी लागत नाही. विहीर बरी.

विहिरीत चार हात मारले की समोर भिंत येते. त्यावर उपाय सोपा आहे. सायकलच्या जुन्या ट्यूबा एकमेकींना गाठवायच्या, एक टोक कमरेच्या पट्ट्याला आणि दुसरं पायरीच्या लोखंडी कडीला बांधायचं आणि जागच्या जागी हात मारत राहायचं. अंग ताजं असलं की ट्यूब ताणत समोरच्या भिंतीत उगवलेल्या पिंपळाच्या रोपापर्यंत जाता येतं. थकवा साचलेला असला की ट्यूबच मला मागे खेचते. मनगटावरच्या महागड्या घड्याळापेक्षा हे माप मला जास्त पटतं.

शेतीची वीज रात्रपाळीला आली की सकाळी विहीर उपसलेली असते. मग पोहणं नाही, आणि त्याच्या बदल्यात वीस किलोमीटर सायकल, असंही काही नाही. तो दिवस गेला. शर्यतीच्या मागे लागलेल्या माणसाला हे पचायला जड जातं, कारण त्याला प्रत्येक रिकामा दिवस उधारीसारखा वाटतो. खरं तर सरावाने स्नायू झिजतात. बळकट होतात ते नंतरच्या झोपेत आणि जेवणात.

शर्यतीत उतरावं की नाही, हा प्रश्न लोक आदल्या आठवड्यात विचारतात. माझ्या मते तोवर उशीर झालेला असतो. खान्देशात निम्मा निर्णय ऊनच घेतं. एप्रिल-मे मध्ये पारा 44-45 च्या घरात गेला की मी स्पर्धेचं नाव काढत नाही. उजाडायच्या आत जे होईल ते. एकदा आठ वाजून गेल्यावरही रस्त्यावर दिसलो, तर बांधावरच्या आजीने हटकलं, "भाऊ, इतला उनमा कसाले पयी राह्यना?" याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

पावसाळ्यात अंग मोकळं होतं आणि मोह सुरू होतात. गोव्याची आयर्नमन 70.3 मिरामारला पहिल्यांदा 2019 च्या ऑक्टोबरमध्ये झाली, कोविडनंतर 2022 च्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा. समुद्रात 1.9 किलोमीटर पोहणं, 90 सायकल, 21.1 धावणं. आमच्याकडच्या माणसाला वाटतं, उन्हात तावून निघालेल्याला गोव्याची काय मातब्बरी! पण आमचं ऊन कोरडं, घाम लगेच वाळतो. तिथल्या दमट हवेत तो नुसता निथळतो, अंग थंडच होत नाही. त्यामुळे ही शर्यत करायची तर डिसेंबर-जानेवारीतल्या मॅरेथॉनी मी त्या वर्षापुरत्या सोडून देतो. मित्र नावं ठेवतात, ठेवोत.

शर्यतीआधीचे दोन आठवडे सर्वांत अवघड. अंतर जवळजवळ निम्म्यावर आणायचं, वेग मात्र तोच ठेवायचा. पाय फुरफुरतात, घरात चिडचिड होते, नसलेलं गुडघ्याचं दुखणं जाणवू लागतं. या दिवसांत मी उठण्याआधी अंथरुणातच नाडी मोजतो. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त, आणि तेही सलग दोन दिवस, तर त्या दिवशी काहीही करत नाही.

नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' जोडीने पूर्ण केली. सुमारे 4,800 किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. जोडीच्या या शर्यतीत एक सायकलवर असताना दुसरा गाडीत विसावू शकतो. तिथे विश्रांती हेही कामच. ती नीट घेतली नाही तर पुढची पाळी ओढताना भावावर भार. एकट्याने उतरणाऱ्याला असा वाटेकरी नसतो. गाडीत झोपणारा तोच आणि सायकलवरचाही तोच, म्हणून झोपणाऱ्याची बाजू कोणी मांडत नाही.

गेल्या हंगामात पाचोऱ्याकडचा एक पोरगा शर्यतीच्या चार दिवस आधी आला. ताप येऊन गेलेला, अंग अजून कसकसत होतं. सर्दी नाकापुरती असली तर हलका सराव चालतो, पण तापात हृदयाच्या स्नायूलाही सूज असू शकते, तिथे धाडस नको. मी सरळ सांगितलं, जाऊ नकोस. "फी भरलीय, दादा," तो म्हणाला. म्हटलं, गेली. तो गेला नाही, पण नंतर बरेच दिवस माझा फोनही उचलला नाही.