ते... जरा... हे होतं



आज पिकाचं नाही, बोलण्याचं लिहितोय.

पिकाबद्दल बोलताना आपण कुणी अडखळत नाही. ज्वारी 50-55 दिवसांची झाली की पोटरीत आली म्हणतो. कणसात दूध भरलं म्हणतो. उसाच्या कांडीला डोळा, मक्याच्या कणसाला मिशा. माणसाच्या अंगावरचं सगळं पिकाला देऊन मोकळे झालोय. पण स्वतःच्या घरातलं सांगायचं आलं की "ते... जरा... हे होतं" याच्या पुढं गाडी जात नाही.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात बांधाशेजारचा गडी आला. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. बांधावर बसून ढेकूळ फोडत राहिला. मग म्हणाला, "तात्या, ते... आपलं हे होतं... यंदा जरा ताणच बसलाय."

त्याची ज्वारी पोटरीत होती. मी लगेच म्हणालो, "पाण्याचं ना? घे की आज रात्री माझ्या मोटारीवरनं."

तो जरा थांबला. "हां... तेच," म्हणाला. रात्री पाणी घेतलं पण.

आठ दिवसांनी कळलं, त्यानं गाभण गायीला बाजार दाखवला. पोरीच्या कॉलेजची फी भरायची होती. त्या दिवशी हातउसने मागायला आला होता. सोयाबीनचे पैसे तेव्हा माझ्या खात्यात पडून होते. ताण घराला बसला होता, मी तो पिकाला लावला. वाक्य त्याचं, पुरं केलं मी. मग त्याला ते खोडता आलं नाही.

पाऊस उघडला की लगेच आपण औत घालतो का? वाफसा येऊ देतो. नाहीतर ढेकळं निघतात. बोलण्याचं पण तसंच. "ते... हे..." चाललंय तोवर गप बसावं.

परवा तोच गडी परत आला. "तात्या, ते... जरा..." मी तंबाखू मळत बसलो, तोंडातनं शब्द काढला नाही. मनात पैशाचा हिशोबही लावून ठेवला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "मोटार जळालीय. दोन तास पाणी मिळंल का?"

मला हसूच आलं. पाणी घे म्हणालो. मग गायीचा विषय काढायला गेलो. "ते... गेल्या वर्षीचं... म्हणजे..." आणि माझंच वाक्य अडलं.

तो मधे बोलला नाही. थांबला.