ओटीपी पोराजवळ जाते

माझा भाचा पुण्यात एका बँकेत डिजिटल प्रॉडक्ट अ‍ॅनालिस्ट आहे. अ‍ॅपच्या कोणत्या पानावर किती ग्राहक अडकले, किती अर्ध्यातून परतले, हे तो आकड्यांत पाहतो आणि पान सोपं करायला सुचवतो. काम चांगलंच आहे, चेष्टा नाही करत.

पण आमच्या पारशिवनीतली धानाच्या बांधीत राबणारी बाई त्या आकड्यांत येतच नाही. "नंबर पोराचा हाय, तो बुटीबोरीले कामावर. ओटीपी त्याच्याजवळच जाते," एकीनं सांगितलं. ती पान उघडतच नाही, मग अडकणार कुठं? सरळ बँकेच्या रांगेत उभी राहते.

साध्या फोनवर, इंटरनेटशिवाय चालणारं यूपीआय 123पे मार्च 2022 मध्येच आलं. गावात किती जणांना ठाऊक आहे, विचारून पाहा! नोंदणीचे आकडे मात्र सगळ्यांनाच हवे. ऑक्टोबर 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँक ऑफ बडोदाला 'बॉब वर्ल्ड' अ‍ॅपवर नवे ग्राहक जोडायला मनाई केली. कारण, ग्राहक जोडायची पद्धत. मे 2024 मध्ये ती उठली.

भाच्याला म्हटलं, एकदा सकाळी इथल्या बँकेसमोर उभा राहून पाह्य. "मामा, रांगेचा डेटा आमच्याकडं येत नाही ना." म्हटलं, मग वही घेऊन ये. दिवाळीत येतो म्हणाला.