कांद्याची रांग आणि क्लचप्लेट

लासलगावात गाडीचा क्लच कशानं जातो, हे सांगायला मिस्त्री लागत नाही. लिलावाच्या दिवशी बाजार समितीबाहेरची रांग पाहिली की पुरे. कांद्यानं भरलेली ट्रॉली, तिच्या पुढे पिकअप, त्याच्या पुढे पुन्हा ट्रॅक्टर. रांग हातभर सरकते, थांबते, परत हातभर सरकते. दर वेळी गिअर, हाफ क्लच, ब्रेक. मुंबई-आग्रा रस्त्यावर दिवसभर पळून प्लेट जेवढी झिजत नाही, तेवढी इथे एका सकाळीत झिजते.

ही बाजार समिती १९४७ सालची. तेव्हाच्या रांगेत बैलगाड्या असत, आणि बैलाला क्लच नसतो. पुढे ट्रॅक्टर आले. कांदिवलीच्या कारखान्यातले इंटरनॅशनल बी-२७५, मॅसी, एचएमटीचे झेटर. मग आकुर्डीची मॅटाडोर आली. तिच्यात किती कांदा भरायचा याला धरबंध नव्हता. मागचे पाटे उलटे वाकेपर्यंत भरायचा, असा साधारण हिशोब. गॅरेजांचे खरे दिवस तिथून सुरू झाले.

त्या काळी क्लच 'बदलणं' फारसं कुणाच्या तोंडी नव्हतं, क्लच 'भरायचा' असे. ट्रॅक्टर मधोमध तोडायचा, पुढच्या धडाखाली लाकडी ठोकळे लावायचे, मागचं धड ढकलत मागे न्यायचं. प्लेट बाहेर आली की तिच्यावरची झिजलेली लायनिंग काढायची. जुने रिव्हेट छिन्नीनं तोडायचे, नवी लायनिंग ठेवायची आणि तांब्याचे रिव्हेट एकेक करून ठोकायचे. रिव्हेटचं डोकं लायनिंगच्या पातळीखाली गेलंच पाहिजे. वर राहिलं तर ते फ्लायव्हीलवर चर पाडणार. मिस्त्री त्यावर डोळे मिटून बोट फिरवत. गेज असलं तरी ते पेटीतच राही.

फ्लायव्हीलची पारख त्याहून मोठी. नव्या फ्लायव्हीलचा विचारही कुणाच्या मनात येत नसे. ते इंजिनाबरोबर जन्मतं आणि इंजिनाबरोबर जातं, अशी समजूत होती. तापून निळे डाग पडले असतील तर लेथवर फेसिंग मारायचं. केसासारख्या बारीक चिरा असतील तर किती खोल आहेत ते पाहायचं आणि खोल असतील तर हात जोडायचे. काही फ्लायव्हीलना बाहेरून उंच कड असते, तिच्यावर प्रेशर प्लेट बसते. आतला भाग जेवढा कापला तेवढीच कडही कापावी लागते, नाहीतर प्लेटवरचा दाब कमी पडतो आणि नवी लायनिंग पहिल्या दिवसापासून घसरते. हे ज्याला माहीत तो मिस्त्री, बाकीचे पाने फिरवणारे.

दातांच्या रिंगेचा किस्सा तर आजच्या पोरांना खरा वाटत नाही. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुतेक वेळा ठरावीक दोन जागीच थांबतं. त्यामुळे स्टार्टर तिथलेच दात खातो आणि बाकीची रिंग कोरी राहते. मिस्त्री रिंग तापवून काढायचे, फिरवून किंवा उलटी करून पुन्हा गरमच बसवायचे. गार होताना ती आवळून घट्ट बसते. नव्या रिंगेचे पैसे वाचत. फ्लायव्हीलच्या पोटातलं पायलट बेरिंग काढायची रीतही अशीच. मागे ग्रीस ठासून भरायचं, भोकात बसेल असा दांडा घालून हातोडा मारायचा; ग्रीसच्या दाबानं बेरिंग आपोआप बाहेर येतं. प्लेट मध्यावर आणायला एखाद्या मोडलेल्या गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट जपून ठेवलेला असे. या शाफ्टला गॅरेजमध्ये देव्हाऱ्यातल्या टाकाचा मान होता. उसना कुणाला मिळत नसे.

गिऱ्हाइकाशी बोलणंही ठरलेलं.

"नाना, लायनिंग भरून देतो. पण फ्लायव्हील असंच ठेवलं, तर लाल कांद्याच्या आधी परत माझ्याच दारात याल."

"परत येऊ की. आत्ता उन्हाळ कांदा विकू दे."

यातला नाना खोटं बोलत नसे. कांद्याला भाव असेल तर फेसिंग, नसेल तर नुसती लायनिंग.

आता हे सगळं आठवून गळा काढण्यात अर्थ नाही. त्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे. क्लचवरचं घंटेसारखं कव्हर उघडलं की आतली काळी भुकटी तोंडानं फुंकून उडवायची पद्धत होती, आणि ती भुकटी फुफ्फुसात जन्मभर राहते हे कुणी सांगितलं नव्हतं. चांगले दिवस म्हणताना ही फुंकर वगळून चालत नाही.

आज पिकअप गॅरेजमध्ये आली की दुकानातून खोका येतो. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेरिंग, तिन्ही एकात. जर्मनीच्या लुक कंपनीचा हवा, औरंगाबादेत कारखाना असलेल्या एक्सेडीचा, की गाडीच्याच कंपनीचा, एवढंच विचारतात. जुन्या प्रेशर प्लेटमध्ये गोल स्प्रिंगा आणि तीन बोटं असत, ती एका पातळीत आणायला मिस्त्रीचा अर्धा दिवस जाई. आता पाकळ्यांची एकच डायफ्राम स्प्रिंग असते. पेडल हलकं आणि दाब सगळीकडे सारखा. कारागिरी गेली हे खरं, पण खोका चांगला आहे हेही तितकंच खरं.

अडचण आहे ती फ्लायव्हीलशी. डिझेल मोटारी घरोघरी आल्या आणि त्यांतल्या काहींबरोबर दोन चकत्यांचं फ्लायव्हील आलं. मध्ये कमानदार स्प्रिंगा आणि ग्रीस, म्हणजे इंजिनाचे धक्के गिअरबॉक्सपर्यंत पोचू नयेत. लुकनं १९८५ च्या सुमारास ते मोटारींत आणलं. याला सहसा फेसिंग मारत नाहीत, मारून उपयोगही नाही, कारण झिजतात त्या आतल्या स्प्रिंगा. गाडी बंद करताना खडखड आली, चकत्या एकमेकींवर मर्यादेपेक्षा जास्त फिरल्या, की अख्खं फ्लायव्हील नवं. बऱ्याचदा क्लचच्या खोक्यापेक्षा महाग. मग 'याच्या जागी जुन्या पद्धतीचं एकसंध बसवून देतो' म्हणणारे भेटतात.

हा प्रश्न फक्त आपलाच नाही. पोर्शच्या ९११ ची ९६४ ही मालिका १९९० च्या आसपास आली. तिच्या सुरुवातीच्या गाड्यांत रबरावर चालणारं दुहेरी फ्लायव्हील होतं. ते टिकेना, म्हणून पुढे स्प्रिंगांचं आलं. त्याच मालिकेतल्या आरएस या तडफदार गाडीत हलकं एकसंध फ्लायव्हील होतं. एक्सलरेटरला ती झटकन उत्तर द्यायची, पण सिग्नलला पाय उचलला की बंद पडायची खोडही तिला होती. अशा गाडीचा क्लच बदलताना तिकडचे हौशी आजही याच दोन पर्यायांत अडकतात. इकडे नाशिकला मोटारींची रॅली भरायची, तेव्हा आमच्याकडची पोरं जाऊन रॅलीच्या गाड्यांचे सिरॅमिक बटणांचे क्लच पाहून यायची आणि आल्यावर तसाच पिकअपला हवा म्हणायची.

माझं मत विचाराल तर रांगेतल्या गाडीला हलकं फ्लायव्हील म्हणजे शिक्षा. जड चकती फिरताना जोर साठवते, तोच जोर भरलेली ट्रॉली जागची हलवतो. वजन कमी केलं की प्रत्येक हालचालीला एक्सलरेटर जास्त द्यावा लागतो आणि प्लेट आणखी तापते. सिरॅमिक बटणं उष्णता सोसतात, पण धरतात ती एकदम. गाडी झटका खाते, गिअरबॉक्सला तो झटका जातो आणि ही बटणं फ्लायव्हीलही लवकर खातात. शेतात रोटाव्हेटर चालवणाऱ्या ट्रॅक्टरला ती ठीक. बाजार आणि घर एवढंच करणाऱ्या पिकअपला साधी प्लेट बरी.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं आणि लिलाव बंद पडले. असे बंद उठतात तेव्हा थांबलेला सगळा कांदा एकदमच रस्त्यावर येतो. त्यानंतरचे दिवस गॅरेजांचे असतात. रांग लहान करणं चालकाच्या हातात नाही, ते समितीनं आणि सरकारनं बघावं. आपण एवढं करावं: खोका घेताना मिस्त्रीला फ्लायव्हील काढून दाखवायला सांगा, निळे डाग स्वतः पाहा, आणि रांगेत उभं राहिल्यावर गाडी न्यूट्रलला टाकून पाय क्लचवरून काढा.