झाशीचे दुसरे वैभव

झाशीहून ललितपूरच्या रस्त्याला लागले की सुमारे पंचवीस किलोमीटरवर बबीना येते. खडकाळ माळ, पळसाची झाडे आणि मधूनच रणगाड्यांचा गडगडाट! ही लष्कराची छावणी. ‘ब्रिटिश आर्मी बेस इन नेटिव्ह एशिया’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून गावाला नाव पडले, असे लोक हौसेने सांगतात. खरे मानायची सक्ती नाही.

मराठी प्रवासी या बाजूला येतो तो राणी लक्ष्मीबाईंचा किल्ला पाहायला. किल्ला पाहिला, फोटो काढले की गाडीची वेळ होते. पण या छावण्यांच्या मुलखाने देशाला हॉकीही दिली, हे थोड्यांच्याच ध्यानात असते. ध्यानचंद यांचे वडील लष्करात होते, कुटुंब झाशीत स्थिरावले आणि 1922 साली ध्यानचंदही शिपाई म्हणून भरती झाले. पुढे 1928, 1932 आणि 1936 अशी ऑलिंपिकची तीन सुवर्णपदके! तरीही आपला सर्वोत्तम सामना कोणता, याचे त्यांचे उत्तर वेगळेच होते. 1933 च्या बेटन चषकाचा कलकत्त्यातील अंतिम सामना. त्यात झाशी हीरोज या गावच्या संघाने बलाढ्य कलकत्ता कस्टम्सला हरवले होते.

धाकटे बंधू रूपसिंग यांनी 1932 साली लॉस एंजेलिसला अमेरिकेविरुद्ध एकट्याने दहा गोल केले. ग्वाल्हेरच्या ज्या मैदानावर 2010 साली सचिनने एकदिवसीय सामन्यात द्विशतक ठोकले, ते यांच्याच नावाचे. सचिनची खेळी घरोघरी पाठ आहे, मैदान कोणाच्या नावाचे हे मात्र कोण सांगेल?

त्याच लॉस एंजेलिसमध्ये जाळीदार काठीने खेळायच्या लॅक्रॉसचे प्रदर्शनीय सामने झाले. अमेरिकेतर्फे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा संघ उतरला होता. त्यातले जॅक टर्नबुल 1936 साली बर्लिनला अमेरिकेच्या हॉकी संघात होते. भारताने त्या संघाला 7-0 असे हरवले. टर्नबुल दुसऱ्या महायुद्धात कामी आले, पण त्यांच्या देशाने त्यांना विसरू दिले नाही. 1965 साली लॅक्रॉसच्या राष्ट्रीय कीर्तिमंदिरात त्यांचा समावेश झाला आणि कॉलेजमधल्या उत्कृष्ट आक्रमक खेळाडूला आजही त्यांच्या नावाचे पारितोषिक मिळते.

ध्यानचंद यांना 1956 साली पद्मभूषण मिळाले. अखेरचे दिवस मात्र ओढगस्तीत गेले. 3 डिसेंबर 1979 रोजी दिल्लीच्या इस्पितळात त्यांनी डोळे मिटले. देशातल्या सर्वोच्च क्रीडा पुरस्काराला त्यांचे नाव मिळायला 2021 साल उजाडावे लागले.

झाशीत टेकडीवर त्यांचा भव्य पुतळा हातात स्टिक घेऊन उभा आहे. तो दुरूनही दिसतो. समाधी पाहायची तर मात्र खाली हीरोज मैदानावर जावे लागते. जिथे ते खेळले, तिथेच त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. किल्ला पाहून झाल्यावर गाडीला तासभर असला, तर रिक्षावाल्याला एवढेच सांगावे: हीरोज ग्राउंड.