नजरेचं ओझं

नांदेड-लातूरकडं माणूस जोखायची सवय लवकर लागते. 'लातूर पॅटर्न' या अभ्यासपद्धतीनं सराव परीक्षांची शिस्त लावली, खेड्यापाड्यांतली कित्येक पोरं डॉक्टर केली. ते यश मला मोलाचं वाटतं. पण गुण मोजणारी नजर वर्गाबाहेरही येते आणि ऑटिझम किंवा एडीएचडी असलेल्या प्रौढाला कचेरीत, लग्नाच्या मांडवात तोलू लागते: हा नजरेला नजर का देत नाही, बोलता बोलता मध्येच का थांबतो? ही नजर म्हणजे मनाचे खेळ नव्हेत, ती खरीच असते. तिचा निष्कर्ष मात्र चुकतो. 2020 साली संशोधक कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात ऑटिस्टिक माणसांनी एकमेकांना माहिती इतरांइतकीच नीट पोचवली. ऑटिस्टिक आणि इतर अशा मिश्र गटात ती जास्त गळाली. न समजण्यात दोन्ही बाजूंचा वाटा असतो, असा याचा अर्थ लावता येतो.

'बोलणी सगळ्यांनाच खावी लागतात, मग निदानाची ढाल कशाला?' हा आक्षेप रास्त आहे. कामातली चूक दाखवावी आणि ती ऐकूनही घ्यावी. पण उशिरा दिलेली फाईल ही चूक आहे. खाली बघून बोलणं ही चूक नाही. हा भेद मनाशी पक्का केला, की टीकेतलं घ्यायचं तेवढं घेता येतं. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत. म्हणून लेखी सूचना किंवा शांत जागा मागताना संकोच नको. इतरांसारखं दिसण्यात रोज खर्ची पडणारी ताकद कामाला आणि जिवाभावाच्या माणसांना मिळायला हवी.