आडनावाचं काय करायचं?

लग्न ठरल्यापासून एकच प्रश्न: आडनाव बदलणार ना? पाच वर्षांच्या बायलाइन्स आहेत, बॉस!

होणारा नवरा प्रोग्रामर. म्हणाला, "आमच्या कोडचा इतिहास गिट ठेवतं. लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली केलेलं. त्यात फाइलचं नाव बदललं तर तशी नोंदच होत नाही. जुनी गेली, नवी आली, बस. नंतर गिट दोघींचा मजकूर ताडून बघतं. ५० टक्के तरी जुळला की ओळखतं, ही तीच!"

ऐकायला सॉलिड रोमँटिक. पण एका फाइलचा लॉग मागा, तो नाव बदललं तिथेच थांबतो. मागचं हवं तर 'फॉलो' असं वेगळं लिहावं लागतं. माझं नाव शोधणारा कुठला एडिटर 'फॉलो' लिहिणार?

आडनाव तेच राहतंय. सासूबाईंना सांगायचं खातं त्याच्याकडे.