परदेशातली अंबाडी

शेतीशी माझा संबंध दोनदाच आला. नोकरीच्या सुरवातीला तीन वर्षं मी बँकेच्या एका खेड्यातल्या शाखेत पीककर्जाचे अर्ज भरून घेत होतो, आणि नंतर डोंबिवलीला, तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीत, मी वांगी लावली. पहिल्या वेळचं नुकसान हेड ऑफिसने सोसलं, दुसऱ्या वेळचं मी. एवढ्या भांडवलावर आमच्या नात्यात मला शेतीतज्ज्ञ समजतात. नात्यात तज्ज्ञ व्हायला फारसं काही लागत नाही. आमचे एक काका जिन्यावरून दोनदा पडले होते, तेवढ्यावर ते हाडांचे जाणकार ठरले.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी सातला भाच्याचा फोन आला. भाचा कॅनडात, मिसिसागा नावाच्या गावात असतो. इकडे सकाळचे सात म्हणजे तिकडे आदल्या रात्रीचे साडेआठ. हा मुलगा दिवाळीशिवाय फोन करत नाही, म्हणून माझ्या पोटात धस्स झालं. आमची ही दुधाची पिशवी हातात धरून तशीच उभी राहिली.

"मामा, तुझ्या वांग्यांना काय झालं होतं रे?"

तीन वर्षांत माझ्या वांग्यांची चौकशी करणारा हा पहिला माणूस. मला भरून आलं. "लाल कोळी," मी म्हणालो. "पानावर आधी सुई टोचल्यासारखे पांढरे-पिवळे ठिपके पडतात. मग पान उलटं करून बघायचं. खाली मिरपुडीसारखं काही दिसलं आणि ती मिरपूड चालायला लागली, की समजायचं."

"चालतेय," भाचा म्हणाला.

मग मी त्याला पाऊण तास व्याख्यान दिलं. ह्या प्राण्याला लोक कीड म्हणतात, पण ती कीड नव्हे. आठ पायांची, कोळ्याच्याच कुळातली जात. आकार अर्धा मिलिमीटर, तोही जेमतेम. कोरडी, उबदार हवा मिळाली की आठवड्याभरात अंड्याचा बाप्या किंवा बाई तयार. एक मादी आयुष्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, आणि नर भेटला नाही तरी तिचं अडत नाही. त्या अंड्यांतून नुसते नर निघतात, आणि पुढची सोय होते. दर तीन दिवसांनी संख्या दुप्पट होते असं धरलं, तर महिन्यात एकाचे एक हजार चोवीस होतात. असा व्याजदर आम्ही ठेवीदारांना दिला असता तर बँकेबाहेर घोडेस्वार उभे करावे लागले असते.

माझी चूकही मी लपवली नाही. कृषी सेवा केंद्रात जाऊन मी औषध मागितलं. दुकानदाराने विचारलं, "किती एकर?" मी म्हणालो, "दीड कुंडी." त्याने निर्विकारपणे किड्यांचं औषध दिलं. ते मारल्यावर कोळी दुपटीने वाढले, कारण औषधाने मेले ते कोळ्यांना खाणारे किडे. कोळ्यांना ढिम्म काही झालं नाही. जबाबदार माणसं निलंबित आणि मूळ भानगड जागच्या जागी, हा प्रकार मला नोकरीमुळे नवा नव्हता.

भाच्याने फोटो पाठवला. हाताच्या पंजासारखं, बोटं-बोटं असलेलं पान. मी एका नजरेत ओळखलं. अंबाडी! खेड्यातल्या शाखेत असताना वाफेच्या वाफे पाहिले होते. मुलगा परदेशात राहून अंबाडी लावतो ह्याचं मला इतकं कौतुक वाटलं, की बँकेत निघण्याआधीच मी ताईला फोन केला.

ताई नाशिकला एकटी असते. भावोजी जाऊन चार वर्षं झाली. मुलगा तेव्हा दहा दिवसांसाठी आला, परत गेला, आणि हळूहळू त्याचे फोन पातळ होत गेले. "बरा आहेस ना?" "बरा आहे." "जेवलास?" "जेवलो." ह्यापलीकडे संभाषण जात नसे. अंबाडीचं ऐकून ताई मिनिटभर बोललीच नाही. मग म्हणाली, "ह्यांना काय आवडायची रे! ज्वारीच्या कण्या घालून, वरून लसणाची फोडणी..." पुढे तिने सगळी कृती सांगितली. कोळ्यांवरचा उपायही सांगितला. "माझ्या तुळशीवर येतात ना. औषध-बिवषध काही नको. ओल्या फडक्याने एकेक पान खालून पुसायचं. रोज. कंटाळा केला की गेलं झाड." मी दोन्ही गोष्टी भाच्याला कळवल्या. फडक्याबद्दल त्याने आभार मानले. कण्यांबद्दल गप्प बसला.

आठवडाभर असं चाललं. भाचा रोज फोटो पाठवी आणि मी सही पडताळायचं भिंग मोबाईलवर धरून कोळी मोजत बसे. एका दुपारी आमच्या शाखेतले शिपाईदादा चहा ठेवायला आले आणि माझ्या खांद्यावरून वाकून बघत राहिले.

"साहेब, मोबाईल आत ठेवा."

"का? अंबाडी आहे. भाच्याची."

"ही अंबाडी न्हाई. अंबाडीचं पान चिरल्यालं असतंय, पर एकच. ह्येची बोटं बघा, देठापास्नं सुटी हायेत. आमच्या गावच्या मठात एक बुवा यायचा, त्याच्या झोळीत बघितल्याती. ह्यो गांजा हाय."

चहा तसाच थंड झाला. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. घाबरलो की नियम वाचतो. १९८५चा अमली पदार्थांचा कायदा उघडून बसलो. लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. पुढे वाचलं तर आणखी गंमत. गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, शेंडे सोबत नसतील तर नुसतं पान त्यात धरत नाहीत. म्हणूनच उत्तर प्रदेशात, राजस्थानात भांगेची परवानाधारक दुकानं आहेत. माझ्या मोबाईलमध्ये मात्र पानंही होती, शेंडेही होते, तेही विविध कोनांतून. जाता जाता हेही कळलं, की अंबाडीच्या शास्त्रीय नावातलं 'कॅनाबिनस' ह्या झाडाशी असलेल्या साम्यावरूनच आलेलं आहे. म्हणजे माझ्या आधी एका शास्त्रज्ञालाही तसंच वाटलं होतं. तेवढाच दिलासा.

दुसऱ्या दिवशी सात वाजता मी गॅलरीचं दार आतून लावून घेतलं. "बाळ्या, ती अंबाडी नाही."

"मी कधी म्हणालो अंबाडी आहे?"

हे खरं होतं. अंबाडी मीच म्हणत होतो.

"मामा, इथे कायदेशीर आहे. १७ ऑक्टोबर २०१८पासून. घरटी चार झाडं लावता येतात. माझी तीनच आहेत."

"घरमालकाची परवानगी?"

"आहे."

"लेखी?"

तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसल्यासारखा. मग म्हणाला, "मी फारसं ओढत नाही रे. नोव्हेंबरात नोकरी गेली. आईला सांगू नकोस. बाहेर बर्फ, घरात चिटपाखरू नाही. सकाळी उठून कुणालातरी पाणी घालायचं असलं की उठवतं. आता काढणीला दोन आठवडे उरलेत आणि हे कोळी..."

मी सज्जन माणूस आहे. रागावण्यासाठी तयार केलेली चार वाक्यं माझ्याकडे होती. ती तशीच राहिली, आणि मी विचारलं, "दिव्यांची उष्णता किती आहे?"

इथून खरी लढाई सुरू झाली, आणि ती वांग्यापेक्षा अवघड होती. वांग्यावर शेतकरी गंधक मारतात, बागवाले निंबोळी तेल फवारतात. पण वांगं धुता येतं. इथे चिकट फुलोरा धरलेला. जे मारू ते त्यातच राहणार आणि पुढे कुणाच्या तरी छातीत जाणार. बरं, नुसतं पाणी मारावं, तर दाट फुलांत ओल राहून बुरशी धरते. कोळ्यांना कोरडं हवं आणि बुरशीला ओलं. दोन्ही साहेबांना एकाच वेळी खूष ठेवायचं हे काम मी बावीस वर्षं करतो आहे, म्हणून धीर सोडला नाही. दिवे वर उचलले, खोली थंड केली, पंखा लावला, फार माखलेली पानं पिशवीत बांधून बाहेर टाकली. उरलेल्या पानांना ताईचं ओलं फडकं, खालून, रोज रात्री. फुलांना पाणी लागू द्यायचं नाही.

तिकडे बाटलीत भरून शिकारी कोळीही विकत मिळतात. भाच्याने मागवले. नारिंगी रंगाचे, चपळ. हे फक्त लाल कोळी आणि त्यांची अंडी खातात, झाडाला तोंड लावत नाहीत आणि खाणं संपलं की उपाशी मरतात. मी म्हणालो, "आमच्याकडे ऑडिटर येतात ते ह्याच कामाला. फक्त त्यांचा शेवट निराळा असतो." बाटली ओतल्याच्या रात्री आम्ही दोघं तासभर एका पानाकडे बघत बसलो. एका नारिंगी कोळ्याने एक अंडं खाल्लं तेव्हा भाचा एवढ्याने ओरडला, की आमची ही गॅलरीचं दार वाजवायला लागली. तिला मी क्रिकेट म्हणून सांगितलं.

आणि ताई. "फडकं मऊ आहे ना त्याचं? विचार," असं रोज म्हणायची. शेवटी मीच भाच्याला म्हणालो, "मला मध्ये दलाल कशाला ठेवतोस? पानं पुसताना तिलाच फोन लाव." तेव्हापासून रात्रीचं पुसणं ताईच्या देखरेखीखाली चालू झालं. ती म्हणे, "डावीकडचं राहिलं," आणि हा म्हणे, "हो गं, पुसतोय." मध्येच कधीतरी नोकरीचंही त्याने तिला सांगून टाकलं. मला ते आठवड्याने कळलं.

दोन झाडं वाचली. तिसऱ्याच्या शेंड्यावर कोळ्यांनी जाळी विणून गोळाच केला. गर्दी झाली की ते असे टोकाला जमतात, पुढच्या झाडाची गाडी पकडायला. ते अख्खं झाड पिशवीत गेलं. बाकीची कापून, अंधारात उलटी टांगून वाळवली आणि काचेच्या बरण्यांत मुरायला ठेवली. रोज झाकण उघडून हवा द्यायची असते, लोणच्यासारखं. भाच्याला तिकडे पुन्हा कामही मिळालं आहे. मार्चमध्ये तो यायचा आहे.

परवा ताईचा फोन आला. मी सावध बसलो.

"झाली का रे अंबाडी काढून?"

"झाली. मुरायला ठेवलीय म्हणे."

"बरं," ताई म्हणाली. "त्याला सांग, येताना आणू नकोस. विमानतळावर कुत्री असतात."